गावात राहून मँडोलिन शिकताना

आमच्या गावच्या भजनात मी पहिल्यांदा मँडोलिन घेऊन बसलो तेव्हा ढोलकीवाल्या काकांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे काय होय बाप्पा? बेंजो तं नाही दिसून राह्यला." काकांचं चुकलं नव्हतं. आपल्या भागात तारांचं लहान वाद्य म्हणजे बेंजो, म्हणजेच बुलबुलतरंग. समोर आडवं ठेवायचं आणि टाइपरायटरसारखी बटणं दाबायची. भीमजयंतीच्या कार्यक्रमात, कव्वालीत, लग्नाच्या वरातीत तेच ऐकत आपण मोठे झालो.

मँडोलिन वेगळं. ते छातीशी धरतात, त्याला बटणं नसतात, पट्ट्या (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या फ्रेट) असतात आणि पोलादी तारा आठ. मूळ इटलीचं हे वाद्य. नेपल्सकडचं जुनं मँडोलिन पाठीकडून अर्ध्या भोपळ्यासारखं गोल असे. आपल्या कानाला ते अनोळखी मात्र नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात ते कितीतरी वर्षं वाजलं. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी त्यावर रागदारी वाजवली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत संगीतकार होण्याआधी मँडोलिन वाजवत. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी सहाव्या वर्षी वडिलांचं मँडोलिन उचललं आणि पुढे कर्नाटक संगीताच्या मैफिलीत त्याला मानाची जागा मिळवून दिली. २०१४ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. ज्यांना हे वाद्य शिकायचं आहे त्यांनी आधी या तिघांना भरपूर ऐकावं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. कापूस, तूर, विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू-हरभरा. माझ्या मागे आसपासच्या गावांतल्या चार-पाच पोरांनी मँडोलिन घेतलं आणि सगळ्यांचे फोन येतात ते त्याच त्या अडचणींसाठी. शिकवणारा जवळ नाही, दुरुस्ती करणारा तालुक्याला नाही, तारा मिळत नाहीत आणि मे महिन्यात लाकूड तडकतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतो.

घेताना काय पाहायचं

नागपूरला सीताबर्डीवर गेलात तर गिटारी भिंतभर टांगलेल्या दिसतील, मँडोलिन एखादंच, नाहीतर "मागवून देतो". ऑनलाइनही मिळतं. भारतीय बनावटीचं साधं मँडोलिन सध्या साधारण पाच ते दहा हजारांत येतं आणि पहिल्या दोन-तीन वर्षांना ते पुरतं. आकार दोन दिसतील: एक साधा, पाण्याच्या थेंबासारखा, दुसरा वरच्या बाजूला वेटोळं काढलेला, रुबाबदार. थेंबासारखाच घ्या. वेटोळ्याने सूर सुधारत नाही, किंमत वाढते. त्याच पैशात साध्या आकाराचं लाकूड बरं मिळतं.

दुकानात असाल तर खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं साधारण दीड मिलिमीटर जाड असतं. बाराव्या पट्टीवर सर्वांत बारीक तारेखाली ते सरकवून पाहा. जेमतेम बसलं तर उंची ठीक आहे. जाड तारेखाली थोडी जास्त जागा असली तरी चालते. पण नाण्यावर नाणं ठेवूनही वर फट उरत असेल तर त्या वाद्यावर बोटांचे हाल होतात.

हे मी अनुभवाने सांगतो. माझं पहिलं वाद्य ज्या दुकानातून घेतलं तिथे कोणी तारांची उंची पाहिली नाही आणि मला पाहता येत नव्हती. वर्षभर बोटं सुजायची. पहिल्या पट्ट्यांवर सूर लागे, वर गेलं की फाटे. मला वाटायचं, नांगर-वखर धरलेले हात आहेत, त्यांना हे जमणार नाही. मग अमरावतीला एका हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या गुरुजींनी तारा ढिल्या केल्या, तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्या घोडीखालची दोन चाकं फिरवून ती खाली घेतली, परत तारा चढवल्या. पंधरा मिनिटांचं काम. त्या दिवशी गावी परतताना एसटीत मांडीवर वाद्य घेऊन मी एकच स्वर दाबून दाबून पाहत होतो, इतका तो सोपा झाला होता. तेव्हा बोटं फार दुखत असतील तर आधी वाद्य तपासा, हाताला दोष देऊ नका.

दुसरी तपासणी सुराची. एखादी तार मोकळी छेडा, मग तीच बाराव्या पट्टीवर दाबून छेडा. वरच्या सप्तकातला तोच स्वर नेमका यायला हवा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर घोडी किंचित मागे, तारा अडकवतात त्या टोकाकडे सरकवायची. उतरलेला येत असेल तर पुढे. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी असते, म्हणून हे घरी करता येतं. आणि म्हणूनच सगळ्या तारा एकदम काढायच्या नसतात. घोडी निसटते आणि तिची जागा पुन्हा शोधत बसावं लागतं. नवं वाद्य घरी आलं की घोडीच्या दोन्ही पायांशी पेन्सिलची बारीक खूण करून ठेवा.

जोडी जुळवणं

आता मुख्य गोष्ट. नवीन मुलगा फोन करतो आणि म्हणतो, "भाऊ, सगळं बरोबर दाबतो, तरी आवाज पत्र्यासारखा येते." दहातल्या आठ वेळा कारण एकच: जोडी जुळलेली नसते.

तारा आठ असल्या तरी त्या आठ धरू नका. त्या चार जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा अगदी एकाच स्वराला लावलेल्या असतात आणि एकाच बोटाखाली, एकाच आघातात वाजतात. बंडीला बैलजोडी जुंपावी तसं. एक बैल पाऊलभर पुढे आणि एक मागे राहिला की जू तिरकं होतं, बंडी रस्त्यावरून उतरते. नवा गोऱ्हा पहिल्यांदा जुंपलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मँडोलिनचा तो भरलेला, झुळझुळता आवाज दोन तारा एकजीव झाल्यावरच येतो.

जाड बाजूकडून बारीक बाजूकडे जोड्यांचे स्वर आहेत जी, डी, ए, ई. व्हायोलिनचेही हेच. मोबाईलवर ट्यूनरचं कुठलंही साधं ॲप घ्या. त्यात ए ची जोडी ४४० हर्ट्झवर यायला हवी. वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा छोटा ट्यूनर मिळाला तर अधिक बरं, कारण तो लाकडाची थरथर पकडतो. शेजारी थ्रेशर चालू असलं तरी त्याला फरक पडत नाही.

कृती अशी. जोडीतली एक तार बोटाने दाबून गप्प करा. दुसरी छेडा आणि ट्यूनरवर लावा. स्वर चढा झाला तर खुंटी सोडून त्याच्या खाली या आणि पुन्हा वर चढवत आणा. सोडत सोडत स्वरावर थांबलात तर तार थोड्या वेळाने आणखी उतरते. एक तार लागली की ट्यूनर बाजूला ठेवा. दुसरी तार कानाने लावायची आहे. दोन्ही एकदम छेडा आणि नीट ऐका. आवाजात एक लाट ऐकू येईल, वांव-वांव-वांव. एक तार ४४० वर आणि दुसरी ४४२ वर असेल तर सेकंदाला दोन लाटा येतात. खुंटी अगदी हळू फिरवा. लाट लांबत जाते, वांऽऽव, वांऽऽऽऽव, आणि एका जागी थांबते. तिथे हात काढा.

पहिल्या महिन्यात रोज फक्त हे केलंत तरी वेळ वाया गेला असं समजू नका. लाट थांबताना ऐकू येऊ लागली की तुमचा कान तयार झाला. पुढे तोच कान पेटीवाल्याच्या सुरात तुम्हाला बसवणार आहे.

चारही जोड्या लावून झाल्या की पहिलीवर परत या. ती थोडी उतरलेली सापडेल. आठ तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो, म्हणजे युरियाच्या दीड बॅगेइतका, आणि तो सगळा त्या पातळ लाकडावर येतो. ताण वाढला की वरचं लाकूड किंचित दबतं आणि आधी लावलेल्या तारा सैल होतात. दोन फेऱ्या करायच्याच. नव्या तारा असतील तर चार-पाच दिवस रोज.

पेटीची पट्टी

शहरातले व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना ही अडचण कळत नाही, गावात पहिल्याच दिवशी कळते. भजनात पेटी असते आणि पेटीचा सूर बदलता येत नाही. जुन्या पेट्या ४४० ला नेमक्या जुळतीलच असंही नाही. म्हणून मंडळात बसलात की ट्यूनर बंद करा. पेटीवाल्या काकांना म्हणा, "काका, सा धरून ठेवता का थोडा वेळ?" आणि त्या स्वराला वाद्य लावा.

गाण्याच्या पट्टीचं गणित मी असं बसवलं आहे. डी ची मोकळी जोडी म्हणजे पेटीची पांढरी दोन, म्हणजे सप्तकातलं दुसरं पांढरं बटण. तिला सा मानलं की ए ची मोकळी जोडी पंचम होते आणि जी ची जोडी खालचा मध्यम. आमच्याकडे पुरुषांचं भजन पुष्कळदा काळी एकमध्ये असतं. तेव्हा चारही जोड्या अर्धा स्वर उतरवून घ्यायच्या, म्हणजे डी ची जोडी काळी एकवर येते आणि बोटांच्या जागा त्याच राहतात. काळी दोन हवी असेल तर तारा चढवू नका, बारीक तार तुटते. पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. गिटारचा लहान कॅपो चालतो, फक्त दोन्ही तारांवर सारखा दाब येतोय ना ते पाहा. महिला मंडळ पांढरी पाचमध्ये गात असेल तर जी ची जोडीच सा. काळी चारला तिथेच कॅपो. पांढरी एकसाठी जी ची जोडी पाचव्या पट्टीवर दाबली की सा मिळतो आणि मोकळी जी खालचा पंचम होते, ती अधूनमधून छेडली की तानपुऱ्याची उणीव जाणवत नाही.

हात

तारा छेडायची छोटी चकती, म्हणजे पिक, जाड घ्या. गिटारवाले वापरतात ते पातळ, लवचिक पिक जोडीवर नुसतं फडफडतं. एक मिलिमीटरचं किंवा त्याहून जाड हवं. तर्जनी अर्धी मुडपा, तिच्या कडेवर पिक ठेवा, वरून अंगठा. कोपऱ्याचं टोक थोडंसंच बाहेर दिसावं. घट्ट धरायचं नाही. विळा धरल्यासारखी मूठ आवळली की मनगट अडकतं. मनगट सैल, पाणी झटकल्यासारखं. खाली, वर, खाली, वर. सुरुवातीला तार न दाबता फक्त हेच, मोजून, दहा मिनिटं.

डाव्या हाताची बोटं पट्टीच्या अगदी जवळ, मागच्या बाजूला टेकवा. पट्टीवर टेकवलंत तर आवाज बुजतो, फार मागे टेकवलंत तर तार खरखरते. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच बोटाच्या टोकाखाली याव्यात.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक काळजी घ्या. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात आणि त्याच भेगांत तार शिरते. आमच्या घरी बाया वेचून आल्या की बोटांना खोबरेल लावतात. मीही लावतो, पण वाजवून झाल्यावर, आधी नाही. तेल तारांवर गेलं की आवाज मरतो. सोयाबीन सवंगणीच्या (कापणीच्या) आठवड्यात तर मी डावा हात बंदच ठेवतो, फक्त उजव्याचा सराव. हात तर आपले आधीच घट्टे पडलेले. शहरातल्या पोराला टोकं कडक व्हायला दीड महिना लागतो, आपल्याला आठ-दहा दिवस.

पहिला सरगम

डी ची जोडी मोकळी: सा. दुसरी पट्टी तर्जनीने: रे. चौथी पट्टी मधल्या बोटाने: ग. पाचवी अनामिकेने: म. आता ए च्या जोडीवर या. मोकळी: प. दुसरी: ध. चौथी: नी. पाचवी: वरचा सा. शून्य, दोन, चार, पाच आणि पुन्हा शून्य, दोन, चार, पाच. दोन्ही जोड्यांवर बोटांची चाल तीच, कारण प्रत्येक जोडी शेजारच्या जोडीपासून सा-प च्या अंतरावर लावलेली आहे. जी च्या जोडीवरून सुरू केलंत तरी हाच आकडा. करंगळी सातव्या पट्टीसाठी राखून ठेवा. तिथे पुढच्या मोकळ्या जोडीचाच स्वर असतो, म्हणून ट्यूनर नसताना वाद्य लागलंय की नाही ते तिथे तपासता येतं.

म आणि नी वगळा, भूप मिळाला: शून्य, दोन, चार, मग शून्य, दोन, पाच. माझ्या मते पहिले तीन महिने भूपच वाजवावा. आपल्या कितीतरी भजनांच्या चाली या पाच स्वरांत बसतात, हात चुकला तरी कानाला टोचत नाही, आणि चाल डोक्यात आधीच असल्यामुळे बोटं स्वतःहून जागा शोधू लागतात. नोटेशनचा कागद समोर ठेवून शिकणाऱ्यापेक्षा लहानपणापासून काकड्याला उठलेलं पोर इथे पुढे जातं, हे मी पाहिलं आहे.

जागलीतला रियाज

मँडोलिनचा स्वर लवकर विझतो. बासरीसारखा किंवा पेटीसारखा तो ओढता येत नाही. लांबवायचा तर पिक अतिवेगाने खाली-वर फिरवत राहायचं, म्हणजे तुटक आघातांची सलग धार होते. याला ट्रेमोलो म्हणतात. सिनेसंगीतात मँडोलिन आलं की जो थरथरता, पाझरता आवाज ऐकू येतो तो हाच. नवशिक्यांना हे सर्वांत जड जातं, कारण सगळेच वेगाने सुरू करतात.

मी ट्रेमोलो शिकलो तो जागलीत. डिसेंबरात हरभऱ्यावर रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगाई) येतात, आणि ओलिताची लाईनही आठवडा-आठवडा रात्रीचीच असते. मोटर सुरू झाली की दांडातलं पाणी पुढच्या वाफ्याला पोचेपर्यंत बराच वेळ हातात असतो. मोटरचा आवाज एकसारखा, धक-धक-धक. त्या लयीत एका ठोक्याला एक खाली, एक वर. पंधरा मिनिटं एवढंच. दुसऱ्या आठवड्यात ठोक्याला चार. हात भरून आला की थांबायचं, बारं फोडायचं (पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं), परत बसायचं. तिसरा महिना संपता संपता एका रात्री मनगटाने स्वतःच धरलं. वेग वाढवल्याचं मला कळलंही नाही, धार सलग पडू लागली होती. मळ्यावर कोणी नव्हतं. मी तोच एक पंचम धरून बसलो ते कुत्रं भुंकेपर्यंत.

तुमच्याकडे मोटर नसेल तर मोबाईलवर लयीचं ॲप मिळतं. ठोका ६० वर ठेवा आणि आठवड्याला चार-पाचनेच वाढवा. रात्री शेतात नेलंत तर वाद्य पिशवीतून काढून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा, मग लावा. थंडीत तार आखडते आणि सूर चढतो. दव पडायला लागलं की पिशवीत परत.

मींडेबद्दलही, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाण्याबद्दलही, विचारणा होते. पट्ट्या असल्यामुळे आणि जोडीत दोन तारा एकदम ओढाव्या लागत असल्यामुळे सतारीसारखी लांब मींड इथे येत नाही. यू. श्रीनिवास यांनी त्यावर उपाय म्हणून जोड्या काढून पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं होतं. आपण आधी बोट घसरवून एका पट्टीवरून दुसरीवर जायला शिकू. भजनाला तेवढं पुरतं.

भजनात बसताना

सहा महिने झाले की मंडळात बसा, त्याहून थांबू नका. आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते आणि मग भजन, तुकडोजी महाराजांच्या खंजेरीच्या रीतीचं. पेटी, ढोलकी, टाळ, खंजेरी. यात मँडोलिनला मोकळी जागा कमीच असते, आणि ती ओळखणं हेच काम आहे.

पहिले चार-पाच शनिवार नुसते ऐका, वाद्य मांडीवर ठेवून. गाणारे बुवा ओळ संपवतात आणि पुढची धरतात त्यामध्ये जी फट असते, ती तुमची. गाणं चालू असताना अगदी हळू, किंवा हात थांबवून. ओळ संपली की तिचाच शेवटचा तुकडा ट्रेमोलोत परत म्हणायचा आणि समेच्या, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेच्या, आधी बाहेर यायचं. पेटी जे वाजवते तेच त्याच वेळी वाजवू नका. दोघांचा सूर केसभर हलला तरी ते लगेच उघडं पडतं. अमेरिकन वादक दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला जो तुटक, कोरडा आघात मारतात तो व्हिडिओत छान वाटतो, पण आपल्या भजनात ती जागा टाळांची आहे.

केरवा आणि दादरा हे दोन ठेके आधी टाळीवर पक्के करा. आठ आणि सहा मात्रा. एवढ्यावर बहुतेक भजनं निघतात.

एका संध्याकाळी माझा हात फार चालला होता. भजन संपल्यावर त्याच ढोलकीवाल्या काकांनी जवळ बोलावून सांगितलं, "चांगलं वाजवतं तू. पण बुवाले श्वास घेऊ दे ना." त्यानंतर मी गायकाच्या तोंडाकडे बघून वाजवायला शिकलो, स्वतःच्या बोटांकडे बघून नाही.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, बाजूला राहत असाल तर दिवाळीनंतर मंडईपासून (गावच्या जत्रेपासून) नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाकडच्या कंपन्यांची नाटकं रात्र रात्र चालतात. रंगमंचाशेजारी वादकांच्या जवळ जागा धरा आणि नटीच्या एका नजरेवर ते पट्टी आणि लय कशी बदलतात ते पाहा. संगतीचं शिक्षण याहून चांगलं मिळणार नाही.

ऊन आणि ओल

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवेतली ओल पार संपते. लाकूड सुकतं, आक्रसतं, पट्ट्यांची टोकं बाजूने हाताला टोचायला लागतात. तसं टोचलं की समजा, वाद्य तहानलेलं आहे. एका उन्हाळ्यात नात्यातल्या लग्नाला आठ दिवस गेलो आणि मँडोलिन टिनाच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवलं. परत आलो तर पाठीची जोड बोटभर उघडली होती.

तेव्हापासून असं करतो. उन्हाळ्यात वाद्य मातीच्या भिंतीच्या खोलीत, पेटीत बंद, जमिनीलगत. जुन्या साबणदाणीला भोकं पाडून त्यात ओला करून पिळलेला स्पंज, आणि ती पेटीत तारांच्या डोक्याच्या बाजूला, लाकडाला टेकणार नाही अशी. तीन-चार दिवसांनी पुन्हा ओला करायचा. ओलावा मोजणारं छोटं डिजिटल यंत्र काही शेकड्यांत मिळतं, त्यावर ४० ते ५५ च्या दरम्यान आकडा राहावा. कूलरच्या झोतात वाद्य ठेवू नका. रात्रभर ओली हवा आणि दुपारी लाईन गेली की एकदम कोरडी, हे लाकडाला सोसत नाही. बंद गाडीत, मोटारसायकलच्या मागे उन्हात, एसटीच्या टपावर तर नाहीच. गर्दी असली तरी मांडीवर. मँडोलिन लहान आहे, हा त्याचा मोठा गुण.

पावसाळ्यात उलटं. साबणदाणी काढून नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या ठेवा, आणि दर वेळी वाजवून झालं की सुती फडक्याने तारा वरून-खालून पुसा.

जोड उघडलीच तर गावच्या सुताराला दाखवायला हरकत नाही, पण कडक होणारं दोन नळ्यांचं एपॉक्सी त्याला लावू देऊ नका. पुढे कधी खरी दुरुस्ती करायची झाली तर ती जोड पुन्हा उघडत नाही. तारा ढिल्या करून ठेवा आणि नागपूर किंवा अमरावतीला वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

तारा

मँडोलिनच्या तारांचा संच तालुक्याला मिळत नाही. मागवताना दोन मागवा. पहिल्या वर्षासाठी हलका संच, ज्यात बारीक तार १० ची असते (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात). रोज वाजवत असाल तर चार-पाच महिन्यांनी बदला. तार काळपट झाली, बोटाला खरखर लागली की वेळ झाली.

ऐन सप्ताहात तार तुटली आणि संच नसेल तर गिटारची १० ची पहिली तार ई साठी चालते, १४ ची ए साठी. गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो, मँडोलिनला नुसता फास लागतो. पकडीने मणी हलकेच दाबून फोडा, आतून फास मोकळा निघतो. फासाचा पीळ मात्र दुखावू देऊ नका, नाहीतर तार तिथेच सुटते.

एका वेळी एकच जोडी काढायची, ती चढवून ताणली की मग पुढची. आणि जोडीतली एक तुटली तरी दोन्ही बदला. जुनी आणि नवी तार एका सुरात लागल्या तरी अर्ध्या तासात वेगळ्या होतात. जी तुटली नाही ती गुंडाळून, थोडा कागद लावून पेटीच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी मध्यरात्री भजनात तार गेली की तीच कामाला येते.